रांजणात राहिलेली पाटी

मेनेक्लीस आमच्या गल्लीत लोकरीची वस्त्रं तुडवून धुतो. मळ मुतानं निघतो, आणि दिवसभर मुताच्या हौदात उभ्या राहणाऱ्या माणसाशी लोक लांबूनच बोलतात. मी चपला शिवतो, चामड्यानं माझं नाक केव्हाच मेलंय, म्हणून आमचं जमलं.

या माणसाला आयुष्यात कुणी काही विचारलंच नव्हतं. धंदा बापानं गळ्यात मारला, बायको मामानं ठरवली, लढाईवर यादीनं धाडलं. यंदा नाट्योत्सवाच्या दहा परीक्षकांसाठी दर कुळामागे एक अशा चिठ्ठ्या काढल्या, तर आमच्या कुळातून नाव नेमकं याचंच निघालं. हेही नशिबानंच केलं, म्हणून मी त्याला चिडवलं. तो हसला नाही.

अडचण अशी होती की त्याच्या बायकोचा, तिमारेतेचा भाऊ हेगियास स्पर्धेतल्या एका कवीच्या गायकवृंदात गात-नाचत होता, आणि मेनेक्लीसची लेक हेगियासच्याच मुलाला द्यायची ठरली होती. मत कुणाला जाणार, हे गल्लीतल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं.

पण उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कवीचं नाटक झालं. त्यातल्या राजाला डेल्फीच्या देवाचा कौल येतो की भाऊ त्याच्याच हातून मरणार. तो भावाला देशोधडीला लावतो, आणि शेवटी धुक्यात शत्रू समजून भाला मारतो, तो त्यालाच. मी ढसाढसा रडलो. मेनेक्लीस मात्र भाकरी हातात धरून कपाळाला आठ्या घालून बसला होता.

"राजा थांबला होता," तो म्हणाला. "म्हातारा मेंढपाळ म्हणाला, धुकं निवळू दे, तेव्हा थांबला. पाहिलंस ना?"

"देवानं आधीच सांगून ठेवलेलं, बाबा. थांबून काय होणार होतं?"

"मग थांबला कशाला? अख्खं गाणं संपेपर्यंत हात वर धरून उभा होता."

मेनेक्लीसनं तेलवाल्याला विचारलं, देवळातल्या झाडूवाल्यालाही विचारलं. सगळे देवाकडे बोट दाखवायचे, आणि हा पुन्हा तेच: मग थांबला कशाला? मला राग यायचा.

हेगियासचं नाटक तिसऱ्या दिवशी झालं. देवी दोराला लटकून खाली आली आणि तिनं सगळ्यांचं भलं केलं. नाच झकास होता, खोटं कशाला बोलू?

मग दहा परीक्षकांनी आपापल्या पाटीवर नाव लिहून ती रांजणात टाकली. त्यांतल्या पाचच बाहेर काढतात, उरलेल्या पाच कुणी वाचत नाही. निघालेल्या पाचांत हेगियासच्या कवीला चार मतं होती, एक तिसऱ्याच कुणाला. धुक्याच्या नाटकाला एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेगियास डोक्यावर जिंकल्याची आयव्हीच्या वेलीची माळ घालून मेनेक्लीसच्या अंगणात आला. बरोबर दारूचा बुधला, भाजलेला बोकड आणि होणारा जावई. मीही होतो. त्यानं मेहुण्याला कडकडून मिठी मारली. वासाची तमा न बाळगता मारली, हे मला आवडलं.

"दाजी, चारातलं एक तुमचं. हे मी मरेपर्यंत विसरायचो नाही."

मेनेक्लीसनं नुसती मान हलवली असती, तरी भागलं असतं. मी त्याच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. त्यानं पेला उचलला आणि हात तसाच वर धरून थांबला.

"माझी पाटी आतच राहिली," तो म्हणाला. "मी त्या धुक्याच्या नाटकाला मत दिलं होतं, हेगियास."

हेगियासला आधी चेष्टाच वाटली. मग त्यानं माळ काढली, मुलाचं मनगट धरलं आणि चालू लागला. बोकड तसाच राहिला. पोरगी आत रडू लागली, आणि मला मेनेक्लीसच्या दोन मुस्काटात द्याव्याशा वाटल्या.

तिमारेते दाराशी येऊन उभी राहिली. परका माणूस बसलाय, याचंही तिला भान नव्हतं.

"अहो, पाटी रांजणातच राहिली होती ना?"

"हो."

"कुणाला कधी कळलं नसतं?"

"नसतं."

"मग तुम्हाला बोलायला लावलं कुणी?"

"कुणीच नाही," मेनेक्लीस म्हणाला.