भिंतीच्या अलीकडचा मुहूर्त

मुहूर्त अकरा बेचाळीसचा होता आणि सव्वाअकराला माझी गाडी मला गार हवा देत होती. मी मागितली नव्हती. मी एवढंच विचारलं होतं की अवधपुरीतून डावीकडे वळू की सरळ जाऊ? आधी मराठीत विचारलं, मग हिंदीत, मग एकेक शब्द सुटा करून इंग्रजीत. तिन्ही वेळा तिने एसी वाढवला. डिसेंबरातल्या भोपाळात! मागच्या सीटवर आईने शाल कानावर ओढून घेतली.

"त्या बाईला काय विचारतोस? त्या पानठेल्यावर विचार," आई म्हणाली.

"आई, गाडीला सगळं कळतं. तू स्वस्थ बस."

माझा आवाज चढलेलाच होता. गाडी घेऊन दोन महिने झाले होते आणि त्या दोन महिन्यांत ऑफिसातल्या प्रत्येकाला मी तिची स्क्रीन दाखवली होती. आता पानवाल्यासमोर काच खाली करून रस्ता विचारायचा म्हणजे माझंच नाक कापल्यासारखं होतं. म्हणून मी विचारलं नाही. हे आज कबूल करतो.

लग्न माझ्या भाचीचं. धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी, आणि मी तिचा एकुलता एक मामा. आमच्यात गुरुजींनी पुकारलं की मामाने मुलीचा हात धरून तिला मांडवात आणायचं, अंतरपाटापाशी उभं करायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्यामागे उभं राहायचं. या पोरीच्या बाबतीत तर हे नुसतं रीतीपुरतं नव्हतं. ती चौथीत असताना तिचे वडील गेले. तेव्हापासून शाळेचे फॉर्म, स्कूटर शिकवणं, टायफॉइडमधल्या सुया, सगळीकडे मामा. दिवाळीत तिने मला दम भरला होता, "मामा, तू आला नाहीस तर मी खोलीतून बाहेर पाऊल टाकणार नाही. सांगून ठेवते."

बाकी सगळे आदल्या संध्याकाळीच सीमांतपूजनाला लग्नाच्या लॉनवर गेले होते. विधानसभेचं अधिवेशन चालू, त्यामुळे मला एकाच दिवसाची सुट्टी मिळाली होती. आई एक्याऐंशीची. उघड्यावरची थंडी तिला सोसत नाही, म्हणून तीही माझ्यासोबत तुलसी नगरला घरीच थांबली. पावणेअकराला निघालो. अर्ध्या तासाचा रस्ता. भाचीने लॉनचं लोकेशन पाठवलं होतं, ते मी रात्रीच गाडीत भरून ठेवलं होतं. एवढी तयारी! इथले शेजारी आमच्या मुहूर्तांना हसतात. "आप लोगों की शादी है कि ट्रेन?" असं विचारतात. हसू देत. नवऱ्याकडची मंडळी नागपूरची होती आणि मिनिटाला पक्की होती.

अवधपुरी मागे पडली. नवीन नवीन कॉलन्या लागल्या, सगळ्या एकसारख्या. गाडी सांगत होती, दाएँ मुड़ें, बाएँ मुड़ें, आणि मी वळत होतो. रस्ता अरुंद झाला, मग सिमेंटचा झाला, मग नुसता मुरुमाचा. समोर आठ फुटी भिंत आली, वर काचा लावलेल्या. मी ब्रेक दाबला.

"आपकी मंज़िल आ गई है," गाडी म्हणाली.

मंज़िल दिसतही होती, हेच तर दुःख! भिंतीपलीकडे मांडवाचं झेंडूने मढवलेलं टोक. स्पीकरवर सनई. मसालेभाताचा वाससुद्धा येत होता. फक्त फाटक नव्हतं.

कॉलनीचा चौकीदार खुर्चीतून न उठताच म्हणाला, "साहब, शादी में जाना है? ये तो पिछवाड़ा है. रोज़ चार-पाँच गाड़ियाँ आ जाती हैं."

"तो बोर्ड लगाओ ना!" मी त्याच्यावरच खेकसलो.

"दीवार के पीछे नाला है. घूम के जाना पड़ेगा, पंद्रह-बीस मिनट."

घड्याळात अकरा चौतीस झाले होते. मला घाम फुटला. गाडी मागे घ्यायला गेलो, तर तिला मागे प्रत्येक दगडात धोका दिसत होता, नुसती पीं-पीं करत होती. एक क्षण वाटलं, चढावं भिंतीवर. चोपन्नचं वय, गुडघ्याला पट्टा, अंगात रेशमी कुर्ता. आणि आईला कुठे टाकू?

तेवढ्यात सनई थांबली आणि स्पीकरवर गुरुजींचा आवाज आला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे." अगदी स्पष्ट, शेजारच्या खोलीतून बोलावल्यासारखा. पाठोपाठ फोन वाजला. तो गाडीला जोडलेला, त्यामुळे बहिणीचा आवाज गाडीभर झाला.

"दादा, अरे कुठे आहेस?"

"भिंतीमागे आहे. म्हणजे मांडवाच्या मागे. तुझा मांडव दिसतोय मला, पण..."

"यू-टर्न लें," गाडी मध्येच बोलली.

"चूप बस गं!"

"मला म्हणतोस?" बहिणीचा आवाज रडवेला झाला.

"तुला नाही, या बयेला! ऐक. मला वीस मिनिटं लागतील."

पलीकडे नुसता गोंगाट ऐकू आला. मग ती हळूच म्हणाली, "गुरुजी पाच मिनिटंच म्हणतायत. ही बाहेर यायला तयार नाही. भावजी म्हणतात, मामा नसेल तर काका घेऊन जाईल, त्यात काय."

माझं डोकंच फिरलं. हा काका! भाऊ गेल्यावर चौदा वर्षांत ज्याने पोरगी कुठल्या कॉलेजात आहे हे विचारलं नाही, तो कन्यादानाला बसायला मात्र धोतर नेसून तयार होता. ते मी गिळलं होतं. हे नाही गिळणार.

"काका नाही," मी ओरडलो. "तू आण तिला."

"मी?"

"तूच. हात धर आणि चालायला लाग."

"दादा, वेडा आहेस का? मी कशी जाऊ? त्यांच्याकडची एवढी माणसं आहेत. मी तर पुढच्या रांगेतसुद्धा बसले नाहीये. लोक काय म्हणतील?"

मी तोंड उघडलं, तोच स्पीकरवरून गुरुजींनी पुन्हा पुकारलं.

तेव्हा मागून आई बोलली. पुढे वाकून, स्क्रीनकडे तोंड करून, जणू बहीण तिथेच बसली होती.

"बाळ, तुझ्या लग्नात मी कुठे होते, आठवतं?"

उत्तराची वाट न बघता आईनेच पुढे सांगितलं.

"कोठीच्या खोलीत. लाडवांच्या परातींजवळ. तुझे बाबा जाऊन वर्ष झालं होतं. मला कुणी बस म्हटलं नव्हतं, मीच आपली जाऊन बसले. मंगलाष्टकं मी भिंतीआडून ऐकली. तुला मी पाहिलंच नाही." आईचा आवाज अजिबात हलला नाही. "तू तसं नाही करायचं. पदर नीट घे आणि जा."

"आई..."

"जा म्हटलं ना!"

फोन कट झाला. बहिणीने केला की गाडीने, देव जाणे.

मी खाली उतरलो. आईला हात देऊन उतरवलं. भिंतीपाशी दोघं उभी राहिलो. दोन-तीन मिनिटं गेली असतील, मला ती संपता संपेनात. कान नुसते स्पीकरकडे. मग माइकवर कुणाशी तरी बोलणं झालं, कुजबुज झाली, आणि गुरुजी थोडे अडखळत म्हणाले, "मुलीच्या मातोश्री मुलीला घेऊन येत आहेत. सर्वांनी उभे राहावे."

खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मला हुंदका आवरेना. चौकीदार खुर्चीतून उठून आमच्याकडे बघत राहिला.

मंगलाष्टकं सुरू झाली. आईने कमरेची चंची सोडली. तिने घरूनच अक्षता आणल्या होत्या, लग्नात कमी पडतात म्हणून. थोड्या माझ्या हातात दिल्या, थोड्या चौकीदाराच्याही. प्रत्येक "सावधान"ला आम्ही तिघं भिंतीवरून टाकत होतो. एकही पलीकडे गेली नसेल. सगळ्या काचांना लागून आमच्याच पायाशी पडत होत्या.

वाजंत्री वाजली. पलीकडे टाळ्या झाल्या. मी डोळे पुसून म्हटलं, "आई, चुकलं माझं. त्या पानठेल्यावर विचारलं असतं, तर तुला नातीचं लग्न लागताना दिसलं असतं."

आई चंची बांधत होती. गाठ नीट बसेना.

"नात काय, दिसेल आता स्टेजवर," ती म्हणाली. "मला माझी लेक चालत येताना बघायची होती रे."