पिनरच्या बागेत नेपल्सचा किल्ला

लोकहो, डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

आमच्या मराठी मंडळाची दिवाळीतली किल्ला स्पर्धा. परीक्षक काका आज सकाळी इथे विलायतेत, पिनरला आमच्याकडे आले. माझ्या दहा वर्षांच्या सानिकाने उन्हाळ्याच्या सुट्टीत नेपल्सला पाहिलेला तिथल्या राजांचा जुना किल्ला गार्डनमध्ये बांधलाय. पाच उलट्या कुंड्यांचे बुरूज, त्यातल्या दोहोंच्या मधे साबण कोरून केलेली पांढरी कमान. खऱ्या किल्ल्याच्या दारात एक तोफगोळा रुतलेला आहे, तिथे तिने मिरीचा दाणा खोचलाय. भोवती अळीव पेरलंय.

काका म्हणाले, "छान आहे गं, पण हा आपला नाही. राजगड कर, नाहीतर स्पर्धेतून नाव काढावं लागेल."

सानिका तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "काका, हे किल्ला फ्रान्सहून आलेल्या राजाने बांधला. मग स्पेनहून दुसरा राजा आला, त्याने तो कमान लावला. पण नेपल्सचे लोक त्याला आपलाच म्हणतात."

"अगं, ते सगळे बाहेरून आलेले!"

"तुम्ही पण बाहेरून आलात ना? मग पिनर तुमचं नाही?"

काका तीस वर्षं इथे राहतात. ते गाडीत जाऊन बसले.

स्पर्धेतून आमचं नाव मीच काढून घेतलं. किल्ला मात्र तसूभरही हलणार नाही. आज पाचही बुरुजांवर पणत्या लागतील, आणि काका, तुम्हीही फराळाला यायचंय.

सानिकाच्या नखांतली माती अजून निघालेली नाही. आता तुम्हीच सांगा, किल्ला कुणाचा?