दार उघडे ठेवून बसणारे दावीद मास्तर

उपदेशपीठ, प्रभुभोजनाचे मेज, वेदीपुढचा कठडा, ख्रिस्ती देवळातली सगळी बाके, बाजाच्या पेटीचा नवा भाता, माझ्या आईचे पोळपाट आणि माझ्या मुलीचा पाळणा. एवढे सगळे दावीद मास्तरांनी स्वतःच्या हातांनी केले. मेज शिसवी आहे. निमंत्रणपत्रिकेत सागवानी छापले आहे, ते चूक. त्यावर रंधा फिरत होता तेव्हा दुसरे टोक मी धरले होते.

मास्तरांच्या पंचाहत्तरीच्या अंकात माझ्यासारख्या घरी गणपती बसवणाऱ्या मालवणी माणसाने लिहावे, हा पाळक साहेबांचा आग्रह. मी शाळा फार पाहिलेली नाही. वाचायला-लिहायला माझा मीच शिकलो. मात्र जे लिहितो ते मोजून-मापून लिहितो.

आमची ओळख गिरणीच्या सुतारखात्यात झाली. पहिल्याच दिवशी मी गुण्या भिंतीला टेकवून ठेवला.

"आडवा ठेव," मास्तर म्हणाले. "काटकोन बघायचं हत्यार ते. एकदा पडला की खोटं बोलायला लागतो. आणि आपल्याला कळतही नाही."

चिंचपोकळीच्या चाळीत आमच्या खोल्या शेजारी-शेजारी. संध्याकाळी मास्तर आणि मार्थाबाई दार सताड उघडे टाकून प्रार्थनेला बसत. प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस', म्हणजे मोहात पाडू नकोस, ही ओळ आली की मास्तर ती दोनदा म्हणत.

"देवाला एकदा सांगितलेलं कळतं हो," मार्थाबाई म्हणायच्या.

"त्याला कळतं. मला दोनदा लागतं."

मग संप आला आणि लांबत गेला. मास्तरांच्या घरी हत्यारे सोडून विकण्याजोगे काही उरले नाही. डबा खरवडून भाकरी होऊ लागली. अशात गिरणीच्या एका माणसाने त्यांना रस्त्यात गाठले. मागच्या दाराने गुपचूप आत या, मागांची लाकडी कामे चालू करून द्या, असे त्याचे म्हणणे. न जावे तर चूल बंद. जावे तर ज्या गॅलरीत आयुष्य गेले तिथे कोणी पाणी विचारणार नाही. मास्तर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "उद्या संध्याकाळी घरी या," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी गॅलरी घरात बोलावली. झाडून सगळे संपवाले. माझ्या आईला कानाने कमी ऐकू येते, म्हणून तिला अगदी पुढे बसवले. तो गृहस्थ आला आणि गर्दी पाहून उंबऱ्यावरच थबकला.

"बसा की साहेब," मार्थाबाईंनी कोरा चहा पुढे केला.

"काल रस्त्यात बोललात ते आता बोला," मास्तर म्हणाले.

"मास्तर, जरा खासगी आहे."

"इथं सगळे घरचेच."

तो कसाबसा पुटपुटला. आई म्हणाली, "तो काय म्हणता? मोठ्यान सांग रे बाबा, माका आयकाक येना नाय."

त्याने पुन्हा सांगितले, रकमेसकट.

"किती?" आईने विचारले.

तिसऱ्यांदा सांगेपर्यंत त्याचा आवाज बसला आणि गॅलरी हसून लोटपोट झाली. शेवटी तोही हसला.

"नको, साहेब," मास्तर म्हणाले. "चहा मात्र संपवून जा."

मी नंतर त्यांना म्हटले, "मास्तर, तुमची छाती मोठी."

"छाती कसली रे? काल रस्त्यात 'हो' अगदी ओठांवर आला होता. त्याच्याऐवजी 'घरी या' निघालं, तेवढी देवाची दया. मोहाशी एकट्यानं बोलू नये. तो आपल्यापेक्षा गोड बोलतो."

आमच्यासाठी गिरणीचे दार पुढे उघडलेच नाही. मास्तरांनी एका कारखान्यात कोपरा भाड्याने घेतला आणि मला समोर उभे केले. वर सांगितलेली सगळी कामे त्या कोपऱ्यातली. माझे पोटही त्यावरच चालले. तिथेही मास्तरांनी दाराला कडी कधी लावली नाही.

मास्तरांना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे शाबूत राहोत आणि ती ओळ आम्हांला भिंतीपलीकडून अजून पुष्कळ वर्षे दोनदा ऐकू येवो.

एक नोंद मात्र बिनचूक राहावी. मास्तरांनी काय नाकारले ते कोणी दोन हजार सांगतात, कोणी दहा. माझ्या आईने ते तीनदा वदवून घेतले आहे: सुतारखात्याची कायम मुकादमी, आणि वर रोख पाच हजार रुपये.