डोहाकाठचे उताणे बेडूक

तुमच्या ताटातला मासा कसा मेला, हे तुम्ही विकणाऱ्याला कधी विचारलंत का?

पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगलातल्या आमच्या गावात हे विचारायची गरजच नव्हती. उन्हाळ्यात नाला आटून डोह उरला की गाव दिवस ठरवायचं. झाडाची साल कुटून पाण्यात कालवायची, मासे गुंगून वर यायचे. लागतील तेवढे धरायचे. उरलेले थोड्या वेळानं शुद्धीवर येऊन खाली जायचे. पळसाच्या पानांवर वाटे पडायचे. पहिला वाटा बाळंतिणीचा.

त्या वर्षी बाळंतीण माझी वहिनी होती. बाळ अकरा दिवसांचं.

एका सकाळी, दिवस ठरलेला नसताना, डोह पांढऱ्या पोटांनी भरलेला दिसला.

"कोनी टाकली वो साल?" एक बाई ओरडली.

"वरच्या टोल्यातल्या लोकाईनं, अजून कोन! आपल्याले सांगतलंबी नाई." आमच्या म्हाताऱ्या सुईणीनं लुगडं खोचलं आणि ती पाण्यात उतरली. "आता आलेच हायत वर, तं धरा."

सालीनं गुंगलेला मासा खाऊन आजवर कोणाला काही झालं नव्हतं, म्हणून कोणालाच शंका आली नाही. मला आली. काठच्या गवतात बेडूक उताणे पडले होते. सालीनं बेडूक मरत नाहीत. मी बोट दाखवणार, तेवढ्यात सुईण हसली. "काय वो मास्तरीन, मासे धरून राह्यली का बेडकाईले पत्रकं वाचून दाखवून राह्यली?"

सगळे हसले. पत्रकं वाचत आणि वाटत मी मोठी झाले, जंगल आमचं, पाणी आमचं असं चौकात ओरडले. त्या हसण्यापुढे मात्र गप्प बसले.

दुपारी वहिनीच्या तोंडाला फेस आला. तिच्या टाचा जमिनीवर आपटत होत्या, दातांखाली जीभ चिरडली होती, रक्त हनुवटीवरून पोलक्यावर उतरत होतं. माशांची डोकी खाल्लेल्या कोंबड्या अंगणात पंख झाडत मेल्या. भावानं बाळ तिच्या कुशीतून ओढून माझ्या हातात दिलं आणि तिला खाटेसकट ट्रॅक्टरवर घातलं. आणखी चार घरांत ओकाऱ्या सुरू झाल्या.

तेवढ्यात डोहाजवळच्या झुडपात फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली सापडली. झाकणाऐवजी तिच्या तोंडात चिंधी कोंबलेली. अशी बाटली आम्ही सगळ्यांनी एकाच्याच शेतात पाहिली होती, शेजारच्या तरुणाच्या. वहिनी त्याला भाऊ म्हणायची.

तो संध्याकाळी बाजारातून परतला, रिकामी टोपली घेऊन. मोठे मरळ मासे त्यानं पहाटेच वेचून विकायला नेले होते.

"लहान मासोळ्याईले म्या हात नाई लावला! मले काय मालूम तुमी खासान!"

पहिला दगड कोणी मारला ते आठवत नाही. साल कुटायची मोगरी मी उचलली हे आठवतं. पहिला घाव त्याच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि ऐकूनही पुन्हा मारलं. त्याच्या कपाळातून रक्त उडालं. मी त्याला मारत होते आणि सकाळच्या माझ्या गप्प तोंडालाही मारत होते. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा सुईण मध्ये आडवी पडली.

"मार, मारून टाक! मंग बाजारात मासे कोनी नेले थे कोन सांगन?"

मी मोगरी खाली टाकली. सुईणीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "कोनं कोनं घेतले मासे? सांग नं बाबू."

"मले नाई मालूम," तो रक्त गिळत म्हणाला. "कोनीच काई नाई विचारलं."

भावाची मोटरसायकल घेऊन मी बाजाराकडे सुटले. पोचले तेव्हा तिथे नुसता पालापाचोळा होता आणि कुत्री.

वहिनी वाचली. तिला दूध पाजायला मनाई होती, तेवढे दिवस गावातल्या तीन बायांनी बाळाला पाजलं. त्या तरुणाचं मनगट वाकडंच राहिलं. तो रोज आमच्या दारावरून जातो. त्या मोठ्या माशांचं काय झालं, ते कोणाच्या घरी शिजले, मला अजून कळलेलं नाही.

म्हणून येत्या बाजारात टोपलीसमोर थांबा. कोणत्या पाण्यातला मासा, कसा धरला, हे विचारा. उत्तर देताना समोरच्याची नजर खाली गेली, तर मासा घेऊ नका. त्याच्यावर हातही उचलू नका. डोहाचं नाव काढून घ्या आणि चूल पेटायच्या आत त्या गावाला कळवा.