तिसऱ्या सिलेंडरचा प्लग मी बदललो होतो

आत्ताच लिहायला पाहिजे हे. उद्या लिहितो म्हटलो तर लिहिणार न्हाई, मला माझं माहीत हाय. म्हणून शुद्धबिद्ध काय बघत न्हाई, टाइप करत सुटलोय, चुकलं तर चुकलं. आज दुपारपर्यंत ही गोष्ट जगात एकाच माणसाला माहीत होती. मला.

आपल्या गाड्यांच्या ग्रुपमधल्या जुन्या लोकांना माझी लाल गाडीची पोस्ट आठवत असंल. नवीन आलेल्यांसाठी सांगतो. आमच्या अण्णाकडं एक जुनी दोन दरवाज्याची जपानी स्पोर्ट्स गाडी हाय. अण्णा म्हणजे माझा चुलतभाऊ, बीदरजवळ कोळारला त्याचं तुरीचं गोडाऊन हाय. हैदराबादच्या एका डॉक्टरकडनं घेतला तो ती गाडी, तवापासनं तिची देखभाल माझ्याकडं. ती गाडी मिसिंग मारायली होती, म्हणजे मधीच झटके द्यायली होती, मंग पिकअपच गेला, हुमनाबादच्या चढाला ट्रॅक्टर मागनं हॉर्न मारायला लागला — आणि मी ते कसं शोधून काढलो ते सगळं फोटोसकट टाकलो होतो. प्लगला ठिणगीचा करंट देणारी कॉइल इकडची तिकडं करून बघायची, दोष तिच्यासंगं सरकला तर कॉइल खराब. सायलेन्सरच्या आधी जो डबा असतो, मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असलेला, तो तुंबलाय का ते त्याच्या आधीचा सेन्सर काढून बघायचं. तुम्ही लोकं काय खूश झालाव! वर पिन केलाव ती पोस्ट. अजूनबी कुणी "पिकअप न्हाई" म्हटलं की कुणीतरी तीच पुढं करतो.

त्यातलं शोधायचं जे लिहिलोय ते खरं हाय. तसंच शोधायचं असतं.

पण मी शोधलो कुठं? ज्यानं स्वतःच्या हातानं सुई गवतात टाकली त्यानं ती काढून दाखवली तर त्याला हुशार म्हणायचं का?

थांबा, सरळ सांगतो. सरळ सांगायला बसलो की हात दुसरीकडंच जायलाय.

त्या पोस्टच्या शेवटी एक ओळ होती. "हे सगळं एका मिस्त्रीच्या बेइमानीमुळं झालं, चार प्लगचे पैसे घेऊन तीनच बदलला." नाव टाकलो नव्हतो. पण बीदरमधल्या कुणाला कळलं न्हाई, सांगा? माझ्याशिवाय अण्णाच्या गाडीला हात लावणारा दुसरा होता कोण?

इलियास. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. लई तोंडाळ माणूस, स्वतःची तारीफ स्वतःच करणार. "बीदर जिल्ह्यात दोनच कारीगर," म्हणायचा, "एक मैं, और एक मैं जब अच्छे मूड में रहतूं." पण एक सवय होती त्याला. गाडीचा जो सामान बदलंल तो जुना सामान पिशवीत घालून गिऱ्हाईकाच्या डिकीत ठेवायचा. कुणी मागो नाहीतर न मागो. "देख लेव, तुम्हारा कचरा तुम्हारे घर." ही सवय नीट ध्यानात ठेवा.

खंडेनवमीच्या आधी त्यानं या गाडीचे चारी प्लग बदलला. मी शेजारीच उभा होतो. चार काढला, चार घातला, जुने चार पिशवीत. माझ्या डोळ्यांनी बघितलो. आणि बॉनेट लावताना मला म्हणाला, "पिंटू, पूजेको गाडी धोना है तो बाहर से धो. इंजिनकू पानी नक्को मार. रबरां पूरे सूख गए."

आमच्याकडं खंडेनवमीला गाडी कशी धुतात माहीत हाय न्हवं? ट्रक असो, टमटम असो, ट्रॅक्टर असो — पाण्याचा थेंब जाईल तिथं पाणी मारायचं. पूजेला बसणारी वस्तू आतनं-बाहेरनं स्वच्छ पाहिजे. अण्णा तर सकाळीच म्हणाला, "बॉनेट उघडं ठेवून पूजा करायचीय, इंजिन आरशागत दिसलं पाहिजे." आणि मला बी दाखवायचंच होतं सगळ्यांना. म्हणून वॉशिंग सेंटरला नेल्यावर तिथल्या माणसाच्या हातातनं पाईप मी घेतलो. तो नको म्हणायला होता. इंजिन तापलेलं. मी प्रेशरनं मारलो — वरनं, बाजूनं, कॉइलींवर. लई भारी दिसायलं होतं, खोटं कामून बोलू?

परत येताना गाडी फटफट करायला लागली. चार पायांतला एक लंगडा झाल्यागत. गोडाऊनच्या मागं नेऊन लावलो, तिसरी कॉइल उपसलो. खाली प्लग जिथं बसतो ती विहीर पाण्यानं भरलेली. फडक्यानं टिपलो, घरातला केस वाळवायचा मशीन आणून वाळवलो. तेवढ्यावर थांबलो असतो तर! पण प्लगबी बघावं म्हणून घाईत पाना लावलो, पाना वाकडा बसला, आणि नव्या प्लगचं पांढरं चिनीमातीचं अंग टचकन फुटलं.

सण. सगळी दुकानं बंद. आत गुरुजी येऊन बसलेले, अण्णा हाका मारायला लागलेला.

मी डिकी उघडलो. पिशवीतनं एक जुना प्लग काढलो. घातलो. फुटलेला प्लग कंपाउंडच्या पलीकडं फेकलो.

झालं. ह्येच ते. एवढंच टाइप करायला मला इतके दिवस लागले.

गाडी चालू झाली, उभ्या जागेवर एकदम गोड. स्कॅनर लावून डॅशबोर्डवरची इंजिनची पिवळी लाईट मी मिटवून टाकलो. पूजा झाली, चाकाखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला. इलियासचे पाने-हातोडेबी अण्णा दरवर्षी आपल्या पूजेत मांडायचा, तसे मांडलेले. इलियास पेढा खात खात बॉनेटपाशी आला आणि वाकून बघितला. सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "अरे, इंजिन तो दुल्हन के वैसा चमकरा! पानी मारा क्या रे?"

मी म्हटलो, "न्हाई. ओल्या फडक्यानं पुसलो."

"कसम?"

"तुझी कसम."

हसण्यावारी गेलं. कुणाला काय वाटलं न्हाई. मला तरी वाटलं का? तवा वाटलं — सुटलो.

पण त्या कॉइलचं रबर आतनं चिरलं होतं. उभ्या जागेवर ठीक, चढाला, जोर दिला की ठिणगी बाहेरच पळायची. चार दिवसांनी अण्णा गाडी घेऊन कलबुर्गीला निघाला, तुरीच्या व्यापाऱ्यांच्या बैठकीला. रस्त्यातनं फोन आला, "पिंट्या, ती पिवळी लाईट उघडझाप करायली रे. थांबवू का?"

ज्याला थोडंफार कळतं त्याला माहीत हाय की लाईट लुकलुकली की थांबायचं. न जळलेलं पेट्रोल त्या जाळीच्या डब्यात जाऊन जळतंय म्हणून ती सांगायलेली असते. मला माहीत होतं. मीच ग्रुपवर दहा जणांना सांगितलेलं होतं. पण अण्णा थांबला तर इलियासला बोलावणार, इलियास तिथंच उघडणार, आणि तिसऱ्या विहिरीत आमच्याकडच्या बोअरच्या खाऱ्या पाण्याचा पांढरा थर हाय. तो पुसायचा राहिला होता माझा.

"कायबी होत न्हाई अण्णा," म्हटलो. "चालवा."

कलबुर्गीहून गाडी आली ती मेल्यागत आली. जाळी वितळून तुंबलेली. नाक दाबून पळायला लावल्यासारखं इंजिन. पाय दाबला तरी आवाजच वाढायचा, गाडी न्हाई. इलियास यायच्या आधी मला वेळ मिळाला, तो पांढरा थर पुसलो. प्लग मात्र बदललो न्हाई. खरंच विसरलो का मुद्दाम ठेवलो? याचं उत्तर मी स्वतःला लई वेळा वेगवेगळं दिलोय. म्हणून इथं देत न्हाई.

इलियास दोन दिवस झटला. मला परत एकदा विचारला, या बारीला हसत न्हाई — "पिंटू, पानी तो नै गया ना?" मी परत न्हाई म्हटलो. पाणी न्हाई म्हटल्यावर बिचारा पेट्रोलच्या मागं लागला. पंप बदलला, फिल्टर बदलला. चुकीच्या गल्लीत मीच त्याला धाडलो होतो. शेवटी प्लग काढला. तीन नवे, एक काळा जुना.

अण्णा तिथंच खुर्ची टाकून बसला होता. उठला, डिकीतनं पिशवी आणून जमिनीवर उलटी केला. तीनच प्लग पडले.

"चार बदललो म्हणालतास न्हवं?"

"अण्णा, मैं चार डाला. कुरान की कसम."

"मंग ह्यो काय उगवला का इंजिनात?"

इलियास माझ्याकडं बघितला. मीच होतो न्हवं बदलताना शेजारी. "पिंटू, बोल ना रे. तू था ना उधर?"

आणि मी काय म्हटलो? "मी मधी चहा आणायला गेलतो."

त्याची ती जुना सामान परत द्यायची सवय — तिनंच त्याला चोर ठरवलं. ज्या मिस्त्रीला चोरी करायचीय तो पिशवी डिकीत कामून ठेवंल? अण्णाच्या डोक्यात आलं न्हाई, रागात होता. माझ्या डोक्यात आलं होतं.

तुम्हाला वाटंल एका प्लगचं काय घेऊन बसलाय. अण्णा गोडाऊनशेजारचं पत्र्याचं शेड इलियासला द्यायला निघाला होता. अण्णाच्या सगळ्या टेम्पोंचं काम त्यालाच मिळणार होतं. तवर तो दुसऱ्याच्या गॅरेजात पाने चालवत होता, शेडवर टाकायच्या बोर्डाचं चित्रबी काढून ठेवलेला होता, मला दाखवलेला होता. ते गेलं. वर बीदरच्या बाजारात नाव झालं — सामान चोरतो. महिन्याभरात बायको-पोराला घेऊन जहीराबादला गेला, अजून तिथंच दुसऱ्याच्या हाताखाली हाय.

आणि मी? मी त्यानंतर रुबाबात स्कॅनर घेऊन आलो, कॉइल "शोधलो", जाळी "शोधलो", फोटो काढलो, पोस्ट टाकलो. अण्णा सगळ्यांना सांगायचा, आमचा पिंटू इंजिनिअरच्या वरचढ हाय. मी ऐकून घ्यायचो.

आज सकाळी उदगीरचा एक जण मला मेसेज केला. ग्रुपमधलाच हाय, नाव सांगत न्हाई, त्याची यात काय चूक? लिहिलाय — भाऊ, तुमची पोस्ट माझ्या मिस्त्रीच्या तोंडावर मारलो, त्यानं बी असंच केला असंल म्हणून चारचौघांत हाकललो, धन्यवाद. खाली हात जोडलेलं चित्र.

फोन खिशात टाकलो, मोटारसायकलवर बसलो आणि सरळ कोळारला गेलो.

अण्णा तुरीचे नमुने बघायला होता. सगळं ऐकला. तळहातावरची तूर परत पोत्यात टाकला. "मंग आता कामून सांगायलास? शेड तर दुसऱ्याला देऊन टाकलो की रे." मंग पोत्याचं तोंड बांधला. "तुझ्या शब्दावर मी त्या माणसाला माझ्या दारातनं काढलो," म्हणाला. एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. लाल गाडीची चावी टेबलावर ठेव म्हणाला, ठेवलो.

तिथनंच इलियासला फोन लावलो. मागं त्याच्या गॅरेजातला ठोकायचा आवाज येत होता. सगळं सांगितलो, पाणी, प्लग, चहा. मंग म्हणाला, "मेरेकू बोलके क्या करना है? मेरेकू तो मालूमच था मैं चार डाला. जिधर मेरा नाम डुबाया उधर जाके बोल."

"नाव टाकून लिहू?"

"हां, नाम डाल. तेरा बी डाल."

आणि ठेवला. माफ केला न्हाई, मी मागितलो बी न्हाई.

तर हे लिहिलो. इलियासनं चारी प्लग नवे घातला होता. पिशवीतला एक मी काढलो. इंजिनला पाणी मी मारलो, कसम मी खाल्लो, लाईट लुकलुकत असताना चालवा मी म्हटलो. गाडी मी मारलो आणि माणूसबी. अण्णानं गोडाऊनच्या हमालांपासनं व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांना आज सांगायला सुरुवात केलाय, मीबी उद्यापासनं बाजारात एकेका गॅरेजात जाऊन सांगणार हाय. काही जण मारतील, मारू देत. जाणार हाय. पिन केलेली पोस्ट अॅडमिननं काढू नये, तिच्या वर ही लावावी.

आता तुम्ही सांगा. माझी ती शेवटची ओळ वाचून तुमच्यापैकी अजून कुणी आपल्या मिस्त्रीवर संशय घेतलाव का? चारचौघांत बोललाव का, हाकललाव का? झालं असंल तर खाली लिहा, आणि तो मिस्त्री कुठं बसतो तेबी लिहा. त्याच्याकडंबी मी जातो.

— प्रशांत ऊर्फ पिंटू, दुबलगुंडी