फोटोतून कापलेला पदर

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढे तर नाहीच — आणि गोष्ट तिचीच आहे.

बदनापूरला माझा फोटो स्टुडिओ आहे. आत शिरलात की समोरच्या भिंतीवर तो फोटो दिसेल. समोरासमोरून आलेली दोन लढाऊ विमानं, आता एकमेकांना घासणार असं वाटावं इतकी जवळ. खाली माझं नाव. त्याला बक्षीस मिळालं. लोक त्याच्यापुढे थांबतात, वा म्हणतात. मी म्हणू देतो.

हसनाबादहून एक जुना कॅमेरा घेऊन आलो आणि लग्नं काढत काढत हे दुकान उभं केलं. कुणी हाताला धरलं नाही. जे मिळालं ते भांडून, घासाघीस करून. लग्नात हार घालतानाचा क्षण हुकला तर मी ओरडतो, "नवरदेव, हार काढा, परत घाला!" — आणि घालतात. क्षणाशीही घासाघीस करता येते, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

त्या समजुतीनेच घात केला.

नाशिकला विमानांच्या कसरती होत्या. संगीताला — बायकोला — सोबत नेलं. जाळीजवळ शहरातले फोटोग्राफर, हातभर लांब लेन्स लावून. त्यातल्या एकाने माझा कॅमेरा पाहिला. "लग्नवाले का? इथे स्टेज नाही हं काका, करवल्या नाहीत." सगळे हसले. ते हसणं मी विसरलेलो नाही. का विसरू?

थोड्या वेळाने त्यानेच आपला स्टँड माझ्यापुढे आणून ठोकला. मंग काय — मी त्याची गचांडी धरली. जुना कॅमेरा संगीताच्या गळ्यात होता, नुसता सांभाळायला. मी भांडत असताना विमानं आली. आवाज डोक्यावर फुटला, मी वर पाहिलं, तर धुराच्या दोन रेघा.

"परत येतील," मी म्हणालो.

आली नाहीत. विमानाला कोण सांगणार, परत घाला हार?

"अहो, म्या दाबलं बरं का बटण," संगीता म्हणाली. "काही आलं का बघा की."

"उन्हात दिसत न्हाई. घरी बघू."

घरी पाहिलं. आलं होतं. दोन्ही विमानं, पोटाखालच्या खुणांसकट. कोपऱ्यात वाऱ्याने उडालेलं तिच्या हिरव्या पदराचं टोक. ते टोक मी कापून टाकलं.

स्वयंपाकघरातून तिने विचारलं, "आलं का माझं?"

"न्हाई. नुसतं आभाळ. हात हलतो तुझा."

भाकरी थापण्याचा आवाज थांबला. "हलला असंल," ती म्हणाली. मग पुन्हा थापायला लागली.

कारण सांगू? नको. कारण सांगणं म्हणजे सूट मागणं. मी कुणाला सूट देत नाही, मग मागू कशाला? बक्षीस घ्यायला गेलो तेव्हा तो हसणारा गडी खाली बसून टाळ्या वाजवत होता. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं — ते का लपवू? पहिल्या रांगेत संगीताही वाजवत होती. तिच्याकडे मी पाहिलं नाही.

परवा भाचीच्या बारशात कुणीतरी मोबाईल पुढे केला, "मामी, आमचा एक काढा ना." ती दोन्ही हात मागे घेऊन म्हणाली, "नको गं बाई, माझा हात हलतो." मी जवळच उभा होतो. जिलेबी खात होतो.

दुकानातल्या त्या फोटोची काच तीच पुसते. काल पुसता पुसता थांबली.

"अहो, इतक्या जोरात जाऊन राह्यले हे विमानं, अन् तुमचा हात बिलकुल हलला न्हाई."

"न्हाई हलला," मी म्हणालो.