डोळे मिटून केलेलं राजकारण

“डोळं मिटा,” असं आमच्या मिशनचे प्रचारक म्हणाले की गोरा साहेब आधीच कपाळाला हात लावी. तुम्ही कधी ख्रिस्ती देवळात बसला असाल तर जाणता, प्रार्थना सुरू झाली की आमेन होईपर्यंत मध्ये कोणी तोंड उघडायचं नाही. हा नियम साहेबानेच शिकवलेला. प्रचारकांनी त्याचा असा काही फायदा उठवला की विचारू नका.

मी मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. ख्रिस्ती नव्हे, पगारापुरतं आमेन म्हणणारा. दर रविवारी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना असे. साहेबाची प्रार्थना विलायतेच्या बादशहापाशी सुरू होऊन तिथेच संपे. प्रचारकांची थेट कोल्हापुरात उतरे.

“हे प्रभू, आमच्या म्हाराजांना उदंड आयुष्य दे. आन् त्येंचा हुकूम दाबून बसलेल्या कारकुनाला सुबुद्धी दे. आज न्हाय जमलं तर सोमवारी दे, पन दे.”

देवळात खसखस पिके. साहेब नंतर लालबुंद होऊन म्हणे, “प्रचारक, देवाच्या घरात राजकारण नको.”

“राजकारण कुठलं, साहेब? कारकुनाच्या आत्म्याची काळजी केली.”

तो हुकूम होता विहिरींचा. सार्वजनिक पाणवठ्यावर कोणालाही शिवाशिवीपायी अडवायचं नाही, असं महाराजांनी फर्मावलं होतं. आमच्या पेठेत मात्र तो चावडीवर वाचला गेला आणि चावडीवरच राहिला. ख्रिस्ती वस्तीतल्या लोकांनी बाप्तिस्मा घेतला, नावं बदलली, तरी पेठेच्या लेखी ते महारवाड्यातलेच. त्यांच्या बायका डबक्यातलं पाणी गाळून भरत, आणि त्यांची पोरं हगवणीने माझ्यासमोर येऊन पडत. काही पोरं वाचली नाहीत. याचा राग मला आजही येतो.

साहेबाने प्रचारकांना बजावलं, “विहीर हा दरबाराचा प्रश्न. त्यात पडलात तर तुम्हाला इथे ठेवणार नाही.”

दुसऱ्याच सकाळी प्रचारक विहिरीवर हजर. मागे घागरी घेतलेल्या बायका, सर्वांत पुढे त्यांची स्वतःची बायको. समोर पेठेतली माणसं काठ्या घेऊन उभी. मी रस्त्याच्या कडेला, पट्ट्यांची पिशवी घेऊन.

एक पैलवान गरजला, “ओ पाद्रीबाबा, मागं फिरा. हाडं न्हाय ऱ्हायची जाग्यावर!”

“व्हय, फिरतो की. आदी म्हाराजांसाठी प्रार्थना करतो. डोळं मिटा.”

आता महाराजांसाठी प्रार्थना म्हटल्यावर कोल्हापुरात नाही कोण म्हणणार? काठ्या खाली आल्या, हात जोडले गेले. प्रचारकांनी महाराजांची तब्येत मागितली. मग राणीसाहेबांची. मग घोडे, हत्ती, शिकारी चित्ते. मग तालमीतले पैलवान, एकेक करून. काठीवाल्यांच्या पाठीमागे विहिरीचा रहाट करकरू लागला.

पैलवानाने एक डोळा उघडला. “अवं, पानी भरत्यात की त्या!”

“गप की रं!” पेठेतल्याच एका म्हाताऱ्याने त्याला दटावलं. “म्हाराजांचं चाललंया न्हवं?”

शेवटची घागर भरली तेव्हा प्रचारक चित्त्यांकडे दुसऱ्यांदा वळले होते.

पुढे त्या विहिरीवर पुष्कळ भांडणं झाली, पण बायका मागे हटल्या नाहीत. प्रचारकांची मात्र आठवड्याच्या आत दूर नेसरी गावाला रवानगी झाली; तिथेही पाणवठ्याची हीच गत. तिथून ते परतले नाहीत. तापाने गेल्याचं कळलं, तेव्हा मी खलबत्ता बाजूला सारून रडलो. असा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

ते निघाले त्या दिवशी मी बैलगाडीपाशी गेलो होतो. ऊन रणरणत होतं. संसार गाडीत चढला होता, आणि त्यांची बायको मांडीवर एक घागर घट्ट धरून बसली होती. घागरीच्या तोंडाला फडकं बांधलेलं.

“घोटभर दे की,” प्रचारक म्हणाले. “त्या विहिरीचं मी अजून चाखलंबी न्हाय.”

तिने घागर आणखी जवळ ओढली.

“ह्ये प्यायचं न्हाय. नेसरीच्या बायकास्नी दावायचं हाय.”